भाड्याच्या टॉवरवरची मोबाइल कंपनी: ग्राहकाच्या माहितीच्या कसोटीवर

स्वस्त प्लॅन, कराराची कटकट नाही, ग्राहक सेवेत पटकन माणूस भेटतो. छोट्या मोबाइल कंपन्यांची परीक्षणं बहुतेक या तीन गोष्टींवरच थांबतात. इथे कसोटी एकच लावली आहे: सिम घेतल्यापासून नंबर सोडेपर्यंत ग्राहकाची जी माहिती जमा होते, ती कुणाकुणाच्या हातात जाते आणि ती सांभाळण्याची पद्धत किती पक्की आहे.

निकाल आधी सांगितलेला बरा. तुम्ही कुठे होता, कुणाला फोन केला, किती वेळ बोललात, ही सगळी नेटवर्कची माहिती. तिच्या बाबतीत छोटी कंपनी मोठ्या कंपनीपेक्षा जास्त गोपनीयता जवळजवळ कधीच देऊ शकत नाही; थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतील. नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, पैसे भरल्याचा तपशील, पासवर्ड आणि नंबरचा ताबा ही खात्याची माहिती. इथे मात्र एका छोट्या कंपनीत आणि दुसरीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. निवड करायची ती या दुसऱ्या बाजूवर, आणि ती जाहिरात वाचून होत नाही, थोडी तपासणी करावी लागते.

टॉवर कुणाचा, नोंद कुणाकडे

या कंपन्यांना धंद्यात एमव्हीएनओ म्हणतात. त्यांच्याकडे स्वतःचे टॉवर किंवा स्पेक्ट्रम नसतं. मोठ्या कंपनीकडून मिनिटं आणि डेटा घाऊक घ्यायचा आणि आपल्या नावाने किरकोळीत विकायचा, हा त्यांचा व्यवसाय. पण या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या रचना चालतात आणि माहितीची वाट प्रत्येकीत वेगळी असते.

काही ‘छोट्या’ कंपन्या मुळात मोठ्या कंपनीच्याच असतात. अमेरिकेत व्हिजिबल व्हेरायझनचीच आहे, ट्रॅकफोन नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हेरायझनकडे गेली, मिंट मोबाइल १ मे २०२४ पासून टी-मोबाइलची झाली. अशा ठिकाणी ‘आम्ही मोठ्यांसारखे नाही’ या जाहिरातीला माहितीच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. गोपनीयता धोरणात ‘संलग्न कंपन्या’ असा शब्द येतो, तो यांच्यासाठीच.

दुसरा प्रकार केवळ विक्रेत्याचा. सिम मोठ्या कंपनीचं, ग्राहकांची मुख्य नोंदवही मोठ्या कंपनीची. छोटी कंपनी फक्त ब्रँड, बिल आणि ग्राहक सेवा पाहते. या प्रकारात मध्ये बऱ्याचदा आणखी एक कंपनी असते, एमव्हीएनई. सिम चालू करणं, शिल्लक मोजणं, बिलाची प्रणाली चालवणं ही कामं ती करते. ग्राहकाला तिचं नाव सहसा कळतही नाही, पण त्याचा नंबर, सिमचा अनुक्रमांक, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि प्लॅन हे सगळं तिच्या सर्व्हरवर असतं. म्हणजे एका ग्राहकाच्या माहितीला तीन मालक, शिवाय ग्राहक सेवेचं कॉल सेंटर बाहेरचं असेल तर चौथा.

तिसरा प्रकार पूर्ण एमव्हीएनओचा. टॉवर भाड्याचे असले तरी नेटवर्कचा गाभा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणारी आणि इंटरनेटची वाहतूक बाहेर सोडणारी यंत्रणा, तिची स्वतःची असते. सिमही तिचीच, आणि आयएमएसआय क्रमांकांची (सिमवरून नेटवर्कला ग्राहक ओळखू देणाऱ्या क्रमांकांची) मालिकाही तिचीच. इथे छोट्या कंपनीच्या हातात खरोखर काही निर्णय असतात: कोणत्या नोंदी ठेवायच्या, किती दिवस ठेवायच्या, कुठल्या देशातून इंटरनेटला जोडायचं.

आपली कंपनी यांतली कोणती, हे घरबसल्या बरंचसं ओळखता येतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमचा आयसीसीआयडी, म्हणजे अनुक्रमांक, दिसतो. तो साधारण १९ ते २० आकडी असतो, ८९ ने सुरू होतो, पुढे देशाचा कोड आणि मग सिम जारी करणाऱ्याचा कोड. त्यावरून सिम कुणी काढलं ते समजतं. दुसरी खूण आयएमएसआयची. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे. ते टॉवर देणाऱ्या मोठ्या, म्हणजे यजमान, कंपनीचेच असतील तर तुमची कंपनी नुसती विक्रेता असण्याची शक्यता मोठी. तिसरी खूण सर्वांत सोपी आहे. वायफाय आणि व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) बंद करून, मोबाइल डेटावरून आयपी पत्ता दाखवणारं कुठलंही संकेतस्थळ उघडा आणि पत्त्याचा मालक कोण आहे ते पाहा. तिथे मोठ्या कंपनीचं नाव आलं तर तुमची इंटरनेट वाहतूक तिच्याच दारातून बाहेर पडते. भलत्याच देशातलं नाव आलं तर तो मुद्दा आणखी गंभीर, त्यावर पुढे लिहिलं आहे.

रचना कोणतीही असो, टॉवर ज्याचा त्याला फोन कोणत्या टॉवरला आणि कधी जोडला गेला हे कळतंच. नाहीतर कॉल पोहोचणारच नाही. याची सर्वांत स्पष्ट साक्ष १२ जुलै २०२४ ला मिळाली. एटी अँड टीने त्या दिवशी जाहीर केलं की १ मे ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातल्या, आणि थोड्या ग्राहकांच्या बाबतीत २ जानेवारी २०२३ च्या, कॉल आणि मेसेजच्या नोंदी बाहेरच्या क्लाउड सेवेवरून चोरीला गेल्या. तिच्या जवळजवळ सगळ्या मोबाइल ग्राहकांचा त्यात समावेश होता, आणि तिच्या नेटवर्कवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या ग्राहकांचाही. त्या छोट्या कंपन्यांनी काही चूक केली नव्हती. त्यांच्या ग्राहकांनी एटी अँड टीशी कधी करारही केला नव्हता. तरी कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला किती वेळा फोन झाला हे गेलं आणि काही नोंदींबरोबर टॉवरचे क्रमांकही गेले.

त्यात नावं नव्हती, संभाषणाचा मजकूरही नव्हता. यावर निर्धास्त होऊ नये. नंबरावरून नाव शोधणं अवघड नसतं, आणि जागेच्या नोंदींना तर नावाचीही गरज पडत नाही. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं की वेळ आणि टॉवर अशी केवळ चार ठिकाणं माहीत असली तरी ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढ्यावरच घर आणि कामाची जागा निघते.

नंबरचा ताबा: सगळ्यात कच्चा दुवा

छोट्या कंपन्यांच्या परीक्षणात सर्वाधिक वजन या मुद्द्याला द्यायला हवं. बँकेचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड बदलण्याचा कोड, मेसेजिंग ॲपची नोंदणी, सगळं नंबरला बांधलेलं आहे. नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेला की पाठोपाठ बाकीचं जातं. आणि तो नेण्यासाठी नेटवर्क फोडावं लागत नाही. ग्राहक सेवेतल्या माणसाला पटवलं की पुरतं.

जानेवारी २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच कंपन्यांची प्रीपेड खाती याच बाबतीत तपासली. त्यात एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या मोठ्या कंपन्यांबरोबर ट्रॅकफोन आणि यूएस मोबाइल या छोट्याही होत्या. प्रत्येक कंपनीची दहा खाती, एकूण पन्नास. पाचही ठिकाणी ओळख पटवण्याचे काही प्रश्न सहज चुकवता येण्याजोगे निघाले. कसे, ते समजून घेण्यासारखं आहे. ‘शेवटचं रिचार्ज किती रुपयांचं किंवा डॉलरचं केलं?’ हा प्रश्न सुरक्षित वाटतो. पण कुणाच्याही नंबरवर कुणीही रिचार्ज करू शकत असेल, तर चोर आधी स्वतःच छोटं रिचार्ज करतो आणि मग तीच रक्कम सांगतो. ‘अलीकडे कुणाला फोन केलात?’ हाही तसाच. चोराने एक मिस्ड कॉल दिला आणि ग्राहकाने उलट फोन केला, की उत्तर चोराच्या खिशात. आणि सर्वांत वाईट म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी कर्मचारी दुसरा प्रश्न विचारत. एखादा जमला की काम झालं. कुलपं कितीही असोत, सर्वांत हलकं उघडलं की पुरे.

नंतरच्या घटनांतही हेच तीन-चार मार्ग पुन्हा पुन्हा दिसतात. जून २०२१ मध्ये मिंटच्या थोड्या ग्राहकांचे नंबर त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिजिबलची खाती बाहेरून मिळवलेल्या पासवर्डांनी उघडली गेली. दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड ग्राहकाने इथेही वापरला असला की एवढं पुरतं. २०२३ च्या सुरुवातीला गुगल फाय या गुगलच्या मोबाइल सेवेने ग्राहकांना कळवलं की त्यांचे नंबर, सिमचे अनुक्रमांक आणि प्लॅनचा तपशील उघडा पडला आहे. ही गळती गुगलकडे नव्हती, तिच्या मुख्य नेटवर्क पुरवठादाराकडे होती. डिसेंबर २०२३ मध्ये मिंटने पुन्हा कळवलं: नाव, नंबर, ईमेल, सिमचा अनुक्रमांक, आयएमईआय. या यादीत कार्डाचा क्रमांक नाही म्हणून ती किरकोळ समजू नये. सिमचा अनुक्रमांक आणि आयएमईआय हे ग्राहक सेवेत ‘मीच तो’ म्हणून सिद्ध करायला वापरले जातात. अशी यादी ज्याच्या हातात पडते त्याच्याकडे पुढच्या फसवणुकीची अर्धी तयारी झालेली असते.

ट्रॅकफोनचं प्रकरण तांत्रिक बाजूने जास्त शिकवणारं आहे. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२३ या काळात तिथे तीन वेळा गळती झाली, आणि जुलै २०२४ मध्ये एफसीसी या अमेरिकी नियामकाशी १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मूळ कारण एपीआय. ॲप, संकेतस्थळ, दुकानदाराचं यंत्र आणि मुख्य प्रणाली एकमेकांशी ज्या दारांनी बोलतात ती ही दारं. छोट्या कंपन्यांत ती जास्त असतात, कारण विक्रेते, एमव्हीएनई, यजमान नेटवर्क आणि पैसे घेणारी कंपनी अशा सगळ्यांना जोडावं लागतं. एखाद्या दारावर ‘विचारणारा कोण आहे’ ही तपासणी राहून गेली, की नंबर टाका आणि माहिती घ्या अशी अवस्था होते. तिथल्या गळतीतून परवानगीशिवाय नंबर पोर्ट होण्याचेही प्रकार घडले.

घेण्याआधीची तपासणी

सुरुवात नोंदणीच्या अर्जापासून करा, अर्ज अर्धा भरून पाहिला तरी चालतो. सेवा देण्यासाठी कंपनीला संपर्काचा एक मार्ग, पैसे भरण्याची सोय, सिमचा क्रमांक आणि फारतर फोनचा आयएमईआय लागतो. कायद्याने ओळखपत्र सक्तीचं असेल तर ते. लिंग, व्यवसाय, आवडीनिवडी, ‘मित्रांना सुचवा’ म्हणून संपर्कयादी मागितली जात असेल, तर ती सेवेसाठी नाही, विक्रीसाठी आहे. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही, आणि छोट्या कंपनीच्या हातातला सर्वांत प्रभावी उपाय हाच आहे.

ओळखपत्राबाबत एक नेमका प्रश्न विचारा: पडताळणी झाल्यावर प्रत राहते की नुसती ‘पडताळणी झाली’ अशी नोंद राहते? राहत असेल तर कुठे? पडताळणीचं काम बहुधा बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं आणि सेल्फीसकट प्रत तिच्याकडे जाते. कायद्याने ठेवणं भाग असेल तेवढा काळ प्रत ठेवणं समजू शकतं. त्याहून पुढे ठेवण्याला कारण नाही.

मग गोपनीयता धोरण. सगळं वाचायची गरज नाही. पानावर शोधाची सोय वापरून कॉलच्या नोंदी, स्थान, संलग्न कंपन्या, विलीनीकरण आणि कालावधी या विषयांचे परिच्छेद काढा. सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे धोरणात फक्त संकेतस्थळाच्या कुकीजबद्दल लिहिलेलं असणं आणि कॉलच्या नोंदी किंवा स्थानाबद्दल अवाक्षर नसणं. असं धोरण कुठल्याही ऑनलाइन दुकानाच्या साच्यातून उचललेलं असतं. आपण मोबाइल कंपनी आहोत याचा विचार ते लिहिणाऱ्याने केलेलाच नसतो. ‘आवश्यक असेल तोपर्यंत’ एवढंच लिहिलेला कालावधी हा कालावधी नव्हे. महिने किंवा वर्षं दिलेली असली तर कंपनीने विचार केला आहे असं धरावं. विलीनीकरणाचं कलम तर प्रत्येकाच्या धोरणात असतं आणि छोट्या कंपनीत ते खरोखर वापरलं जाण्याची शक्यता मोठी, कारण छोट्या कंपन्या विकल्या जातात आणि त्यांची मुख्य मालमत्ता म्हणजे ग्राहकांची यादी. विक्रीआधी ग्राहकाला कळवू आणि जुनं धोरण नवा मालकही पाळेल, असं स्पष्ट लिहिलेलं क्वचित दिसतं. दिसलं तर त्या कंपनीला चांगले गुण द्यावेत.

ॲप बसवण्याआधी एक्सोडस प्रायव्हसी या फ्रेंच संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचं नाव टाका. अँड्रॉइड ॲपमध्ये कोणकोणत्या जाहिरात आणि विश्लेषण कंपन्यांचे ट्रॅकर बसवले आहेत आणि ॲप कोणत्या परवानग्या मागतं, याचा अहवाल तिथे मिळतो. शिल्लक पाहणं आणि रिचार्ज करणं एवढ्या कामाला संपर्कयादी, अचूक स्थान किंवा कॉल नोंदींची परवानगी लागत नाही. मोबाइल कंपनीच्या ॲपच्या बाबतीत हे जास्त जपून पाहावं लागतं. अँड्रॉइड १० पासून सामान्य ॲपला आयएमईआय वाचता येत नाही, पण सिमवरच्या प्रमाणपत्राशी ज्याची सही जुळते त्या कंपनीच्या ॲपला विशेष अधिकार मिळतात आणि ही बंदी त्याला लागू होत नाही. तेच काम ब्राउझरमधून होत असेल तर ॲप न घेणं उत्तम. ई-सिम (वेगळं कार्ड नसलेलं, फोनमध्येच उतरवायचं सिम) क्यूआर कोडने मिळत असेल तर ॲपची गरज बहुधा उरतच नाही.

यानंतरची परीक्षा ग्राहक सेवेची, आणि ती पैसे भरण्याआधीच घ्यावी. चॅट उघडून तीन गोष्टी विचारा. हरवलेल्या सिमच्या जागी नवं सिम देताना काय तपासता? नंबर दुसरीकडे नेण्याचा कोड कुणाला आणि कसा देता? आणि पिन विसरलो तर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. ‘नाव, पत्ता आणि जन्मतारीख सांगा, लगेच नवा पिन देतो’ असं उत्तर आलं तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही कडक असली तरी व्यर्थ, कारण या तिन्ही गोष्टी फुटलेल्या याद्यांत पडून असतात. चांगली कंपनी सांगते की जुन्या सिमवर आणि ईमेलवर आधी सूचना जाईल, काही तास थांबावं लागेल, किंवा नोंदवलेल्या दुसऱ्या मार्गाने खात्री करू. हे गैरसोयीचं आहे. सिम खरंच हरवलेल्या माणसाला ते तास जड जातात. तरी इथे झटपट सेवा ही गुणाची बाब नाही, दोषाची आहे.

खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन आहे का आणि ते कशावर चालतं, हेही पाहा. कोड फक्त त्याच नंबरवर मेसेजने येत असेल तर नंबर गेल्यावर खातंही जातं. फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने चालणारी पासकी चालत असेल तर उत्तम. पोर्ट रोखणारं कुलूप खात्यात स्वतः लावता-काढता येतं का, आणि ते ग्राहक सेवेतला कर्मचारी फोनवरून काढू शकतो का, हे एकाच दमात विचारून घ्या.

प्रवासी ई-सिम: वेगळं प्रकरण

परदेशात जाताना ऑनलाइन घेतलेलं डेटा ई-सिम हीही छोट्या कंपनीचीच सेवा आहे, आणि गोपनीयतेत ती सर्वांत कमी गुणांची. ज्या देशात तुम्ही आहात तिथल्या टॉवरला फोन जोडला जातो, पण ई-सिम भलत्याच देशातल्या कंपनीने काढलेलं असतं आणि इंटरनेटची वाहतूक आधी तिथे जाऊन मग बाहेर पडते. २०२५ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सेवा तपासल्या तेव्हा कितीतरी ई-सिमची वाहतूक तिसऱ्याच देशातल्या, चीनमधल्याही, नेटवर्कमधून जाताना दिसली. शिवाय अशा ई-सिमचा विक्रेता होणं सोपं असतं आणि विक्रेत्याच्या पडद्यावर ग्राहकाचा आयएमएसआय आणि फोनचं अंदाजे स्थान दिसू शकतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे नाव न ऐकलेला विक्रेता तुम्ही कुठल्या भागात आहात ते पाहू शकतो.

इथे उपाय सोपे आहेत: चालू करताच वर सांगितलेली आयपीची तपासणी करा, महत्त्वाचं काम व्हीपीएन लावून करा, खरेदीला वेगळा ईमेल वापरा, आणि परतल्यावर ई-सिम नुसतं बंद न करता फोनमधून काढून टाका.

गोपनीयतेच्याच नावाने विकणाऱ्या कंपन्या

अपवाद म्हटलं ते हे. २०२१ मध्ये यूझनिक्स सुरक्षा परिषदेत पॉल श्मिट आणि बरथ राघवन या संशोधकांनी एक रचना मांडली: बिल भरणारा कोण ही खात्री एका बाजूला आणि टॉवरला जोडलेला फोन कोणता ही ओळख दुसऱ्या बाजूला, अशी फारकत करायची, म्हणजे टॉवरला दिसणारा आयएमएसआय एका माणसाशी कायम बांधलेला राहत नाही. अमेरिकेतली केप ही कंपनी स्वतःचा नेटवर्क गाभा चालवून गोपनीयतेलाच मुख्य माल म्हणून विकते. दिशा योग्य आहे, आणि पूर्ण एमव्हीएनओ रचनेशिवाय हे शक्यही नाही. गोपनीयतेचा दावा करणारी कंपनी नुसती विक्रेता निघाली, तर तिचा दावा खात्याच्या माहितीपुरताच घ्यावा.

मर्यादाही समजून घ्या. आयएमएसआय बदलला तरी फोनचा आयएमईआय तोच राहिला तर दोन्ही जुळवता येतात. दोन्ही बदलले तरी तोच फोन रोज रात्री त्याच टॉवरवर असतो. आणि साध्या कॉलसाठी समोरच्याला नंबर दिसतोच; त्याच्या कंपनीकडे तुमचा नंबर, वेळ आणि कालावधी नोंदला जातो. फाइव्ह-जीमध्ये ग्राहकाचा कायमचा क्रमांक हवेतून जाताना कूटबद्ध करण्याची सोय आहे. ती रस्त्यावर बनावट टॉवर लावणाऱ्यापासून वाचवते, कंपनीपासून नाही.

सिम हातात आल्यावर

पहिल्याच दिवशी खात्यातल्या जाहिरात आणि माहिती-वापराच्या सगळ्या परवानग्या बंद करा. हे कंटाळवाणं वाटतं, पण मूळ स्थितीत त्या बहुधा चालूच असतात. अमेरिकी नियमांत तर कॉल आणि प्लॅनची माहिती कंपनीच्या आणि तिच्या संलग्न कंपन्यांच्या दूरसंचार सेवांच्या जाहिरातीसाठी वापरायला ग्राहकाने नकार दिला नाही की पुरतं. बाहेरच्यांना द्यायची तर मात्र होकार लागतो. हा होकार कागदावरच राहू शकतो हे एफसीसीने २९ एप्रिल २०२४ ला केलेल्या कारवाईत दिसलं: ग्राहकांचं स्थान मध्यस्थांना, आणि त्यांच्यामार्फत पुढे इतरांना पुरवल्याबद्दल एटी अँड टी, व्हेरायझन, टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांना मिळून जवळजवळ २० कोटी डॉलरचा दंड सुनावला गेला. संमती घेण्याचं काम कंपन्यांनी खालच्या मध्यस्थांवर सोडलं होतं आणि खाली ती घेतली जाते की नाही हे पाहिलं जात नव्हतं. कंपन्या या दंडाविरुद्ध न्यायालयात गेल्या. ग्राहकाने यातून घ्यायचं ते एवढंच की धोरणातलं ‘भागीदार’ हे नाव साखळीतल्या पहिल्या कडीचं असतं.

सिम पिन लावा. आयफोनमध्ये तो मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये असतो, अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या भागात ‘सिम लॉक’ म्हणून. आधी कंपनीने दिलेला मूळ पिन टाकावा लागतो. तो माहीत नसताना अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि आठ आकडी पीयूके मागतं, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. म्हणून पीयूके आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवा. सिम पिनचं काम मात्र नेमकं ओळखा: फोन चोरीला गेल्यावर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालणाऱ्याला तो अडवतो. ग्राहक सेवेला फसवून नवं सिम काढणाऱ्याला तो अजिबात अडवत नाही. त्यासाठी खात्याचा पिन आणि पोर्टचं कुलूप, दोन्ही वेगळे लावावे लागतात. खात्याचा पिन जन्मवर्ष किंवा नंबरचे शेवटचे चार आकडे नको.

अँड्रॉइड ९ पासून पुढे नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘खासगी डीएनएस’ आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे विश्वासातल्या सेवेचं नाव टाकलं की कोणती संकेतस्थळं शोधली याची यादी कंपनीच्या डीएनएसकडे जात नाही. संकेतस्थळाचं नाव जोडणीच्या सुरुवातीलाही अनेकदा उघडं जातं, तेवढी फट राहतेच. व्हीपीएन ती बुजवतो, पण विश्वास मोबाइल कंपनीवरून व्हीपीएन कंपनीवर हलतो. टॉवरची जागा यांतल्या कशानेच लपत नाही. ती लपवायची तर विमान मोड हाच प्रामाणिक उपाय.

ओटीपीची भिस्त नंबरवर जितकी कमी तितकं चांगलं: ईमेलला आणि जिथे जमेल तिथे ऑथेंटिकेटर किंवा पासकी, सिग्नलसारख्या ॲपमध्ये नोंदणीचं कुलूप. बोलणंही कूटबद्ध ॲपवरून केलं तर मोबाइल कंपनीच्या कॉल नोंदीत ते येत नाही, फक्त डेटा वापरला गेल्याचं दिसतं.

काही महिन्यांनी कंपनीला लेखी विचारा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकोणाला दिली, किती काळ ठेवणार, आणि नेटवर्क पुरवठादाराकडे काय आहे? युरोपात जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार हा हक्क आहे आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अवघड प्रकरणात आणखी दोन महिने. जिथे असा कायदा नाही तिथेही विचारायला हरकत नाही. उत्तरात केवळ नाव आणि ईमेल आला आणि कॉलच्या नोंदींचा पत्ताच नसला, तर त्या प्रश्नाचा पाठपुरावा करा. बिल बनतं तर नोंदी आहेतच. या उत्तराच्या दर्जावरून कंपनीत हे काम कुणाच्या अंगावर आहे की नाही ते लगेच कळतं.

कुणी काय घ्यावं

ज्याला नंबर जाण्याची मुख्य भीती आहे त्याने स्वस्ताई बाजूला ठेवून पोर्टचं कुलूप, ऑथेंटिकेटर लॉगिन आणि कडक सिम बदल या तीन गोष्टी असलेली कंपनी घ्यावी, मग ती छोटी असो वा मोठी. ज्याला नाव-पत्ता कमी ठिकाणी जावा असं वाटतं त्याला कमी विचारणारी प्रीपेड छोटी कंपनी बरी. पैसे व्हर्च्युअल कार्डाने किंवा रिचार्ज कूपनने भरावेत, ईमेल वेगळा ठेवावा. पत्रकार, कार्यकर्ते, घरगुती छळातून बाहेर पडलेली माणसं यांच्यासाठी साधी विक्रेता कंपनी पुरेशी नाही. आणि जुन्या जोडीदाराच्या नावावरच्या कुटुंब प्लॅनमधला नंबर तर आधी बाहेर काढावा, कारण खातेदाराला बिलातल्या कॉलचा तपशील आणि काही कंपन्यांत स्थानही दिसतं.

कंपनी सोडताना

नंबर न्यायचा असेल तर जुनी सेवा आधी रद्द करू नका. रद्द झालेला नंबर पोर्ट होत नाही. पोर्ट पूर्ण झाल्यावर जुन्या कंपनीच्या खात्यातलं कार्ड काढा, ओळखपत्राची प्रत आणि ॲपचा डेटा पुसायला लेखी सांगा आणि पुसल्याचं उत्तर मागा. बिलाच्या आणि कॉलच्या नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात तेवढ्या राहतील, त्यांची मुदत विचारून ठेवा.

नंबरच सोडायचा असेल तर जास्त काळजी हवी, कारण काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. प्रिन्स्टनच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये नव्या ग्राहकांना उपलब्ध असलेले २५९ नंबर पाहिले. त्यातले १७१ जुन्या मालकांच्या चालू ऑनलाइन खात्यांना जोडलेलेच होते. म्हणून आधी बँक, ईमेल, सरकारी सेवा आणि मेसेजिंग ॲपमध्ये नवा नंबर नोंदवा, मग जुनं सिम कमीत कमी रिचार्जवर आणखी दोन महिने चालू ठेवा. या काळात त्यावर जो जो ओटीपी किंवा सूचना येईल, ती पाठवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी जाऊन नंबर बदला. वार्षिक वर्गणी आणि विम्यासारख्या सेवा वर्षातून एकदाच मेसेज पाठवतात, त्यामुळे त्यांची यादी जुन्या मेसेजमध्ये शोधून काढावी लागते. सिम बंद करण्याची विनंती त्यानंतरच करावी.